माणूस आढळला नाही

सुकुमार मगदूम यांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची फाउंड्री. पाण्याच्या पंपाच्या पोटात जो पंखा फिरतो, ज्याला कारखान्यात इंपेलर म्हणतात, तो तिथं ओतला जायचा. नवं गिऱ्हाईक दारात आलं की बाकीचे कारखानदार आधी चहा सांगत. मगदूम आधी नंबर मागत. कंपनीचा नोंदणी क्रमांक, कराचा क्रमांक, संचालकांची नावं, पत्ता, त्या पत्त्यावरचं वीजबिल. एवढं सगळं जुळलं की ते मान हलवून म्हणत, "जरा जास्तच जुळलंय."

"पंगतीत वाढप्याचा नंबर तपासल्याशिवाय हे जिलेबी घ्यायचे नाहीत," असं त्यांची बायको राजमती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे. मगदूम हसायचे नाहीत, कारण पाहुणे कोण कुठले हे ते अजून ठरवत असायचे.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मगदूमांचं तोंड पुण्याच्या एका कंपनीनं पोळलं होतं. नोंदणी खरी, शिक्का खरा, संचालक फोनवर अदबीनं बोलणारे. मालाचा ट्रक गेला आणि नंतर फोन लागेना. मगदूम स्वतः पत्ता शोधत गेले. पत्ता तिसऱ्या मजल्याचा होता, आणि इमारत दोन मजली.

ती काही एकट्याचीच फसगत नव्हती. त्या सुमारास नव्या कंपन्या माणसं नव्हे, तर यंत्रं स्थापत होती. सकाळचा चहा होईस्तोवर एखादी संगणकप्रणाली ढीगभर कंपन्या स्थापन करायची. अर्ज नियमानुसार, त्यामुळे नोंदणी कायदेशीर. संचालकांचे चेहरे बनवलेले, आवाज बनवलेले, विवरणपत्रं मात्र मुदतीच्या आत. कागदोपत्री कंपनी ठणठणीत, आणि आत कुणी नाही. 'कंपनी नोंदलेली आहे का?' हा बापजाद्यांचा प्रश्न त्यामुळे निकामी झाला. नवा प्रश्न उभा राहिला: आत माणूस आहे का?

त्याचं उत्तर द्यायला 'पारख' आली. काही गणितज्ञांच्या लक्षात आलं होतं की माणसं जिथं धंदा करतात तिथं एक विशिष्ट प्रकारचा गबाळेपणा असतो. बिलातले वरचे पैसे सोडून दिले जातात. जुन्या गिऱ्हाइकाला कारण नसताना सवलत मिळते. चुका काय, यंत्रसुद्धा मुद्दाम करू शकतं. पण त्या फासे फेकल्यासारख्या, कशाही पडतात. माणसाच्या चुका दुसऱ्या माणसांना बांधलेल्या असतात. एका दुकानात मयत झालं की आजूबाजूच्या सात दुकानांचा माल उशिरा जातो. एकाच्या पोरीचं लग्न असलं की चौघांची बिलं चुकतात. हे गुंतलेलं गबाळेपण एकट्याला रचता येत नाही. 'पारख' देशभरच्या व्यवहारांमधून तेवढंच मोजायची आणि आत माणूस असला तर कंपनीच्या नावापुढं हिरवा दिवा लावायची; नसला किंवा नोंदणीच गेलेली असली तर लाल.

शास्त्रज्ञांनी त्या मापाला लांबलचक नाव दिलं होतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी त्याला 'ओल' म्हणायला सुरुवात केली. साच्याची वाळू मुठीत आवळून बघतात. ओल असली तर मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहतात, नसली तर वाळू भसकन सांडते. कंपनीचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं.

मगदूमांना 'पारख' म्हणजे देवच भेटल्यासारखं झालं. दिवसातून कितीदा ते फोन काढून कुणाला ना कुणाला तपासत, याला गणती नव्हती.

त्या भाद्रपदात 'वरुणा जलसाधने' नावाच्या कंपनीची विचारणा आली. वर्षभर पुरेल एवढं काम. मगदूमांनी सगळं तपासलं. दिवा हिरवा, गर्द हिरवा. फोनवर एक बाई बोलल्या, गोड बोलल्या, मधेच खोकल्या आणि "सॉरी, हवा बदललीये ना," म्हणाल्या.

"खोकला बघ की कसा वेळेवर आला," मगदूम राजमतीला म्हणाले.

"बाईमाणूस खोकली तरी संशय?"

"तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याच जागी खोकली."

राजमतीनं कपाळावर हात मारून घेतला. पण मगदूमांनी होकार कळवला नाही, विचार करतो म्हणाले. त्यांचा तो विचार चालू असतानाच एके सकाळी वरुणाचा निरोप फोनवर येऊन पडला: 'आम्ही आपली पडताळणी केली. निकाल लाल. शेरा: माणूस आढळला नाही.'

मगदूमांनी स्वतःच्या कंपनीचा नंबर 'पारख'मध्ये घातला. आयुष्यात पहिल्यांदाच. दिवा लाल होता.

*

"मी काय भूत आहे का, मॅडम?" कोल्हापुरातल्या 'पारख'च्या कचेरीत मगदूम टेबलावर वाकून विचारत होते. "चिमटा काढून दाखवू?"

समोरच्या अधिकारी प्राची सामंत अशा रागाला सरावलेल्या दिसत होत्या. "सर, तुम्ही माणूस आहात, दिसतंय मला. तुमची कंपनी माणूस चालवतोय का, एवढाच प्रश्न आहे."

"मी चालवतो की!"

"एकही बिल उशिरा नाही. एकालाही सवलत नाही. तुमचे वडील होते तोवर दर शंभर नगांमागं दोन नग वरचे जायचे, बिलात न धरता. ते गेल्यावर बंद झाले."

"मोजून माल द्यायचा हा काय गुन्हा झाला?"

"गुन्हा नाही, सर. मागच्या वर्षी तुमच्या ओळीतले शेडबाळे वारले. त्या दिवशी सगळ्या ओळीनं वीज निम्मीच वापरली. तुमची तेवढी नेहमीसारखी. आणि खंडेनवमीला तर अख्खी शिरोली बंद असते, तुमची भट्टी चालू."

"रोबो ओततो ना आता! त्याला कसली खंडेनवमी?"

"तेच म्हणतेय मी," सामंत मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एरवी आम्ही एवढ्यावर लाल करत नाही. पण तुमच्याविरुद्ध तक्रार आली, म्हणून तपासलं. कुणाची ते सांगता येत नाही. आणि सगळ्यात खटकलं ते हे, की प्रत्येक व्यवहाराच्या आधी तुमच्याकडून पडताळणी झालीय. प्रत्येक. माणूस असं करत नाही. मिसेसच्या पापड उद्योगाचीसुद्धा वर्षातून दोनदा."

राजमती शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "काय निघालं हो मॅडम, माझ्यात?"

"तुम्ही हिरव्या आहात, काकू."

"बरं झालं बाई. आता हे घरी निर्धास्त जेवतील."

मगदूमांनी बायकोकडं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही, हेच खरं.

उपाय एकच होता. नात्यातला नाही अशा कुणीतरी साक्ष द्यायची, की मगदूमांनी मोलाची वस्तू केवळ शब्दावर, पडताळणी न करता माझ्या हवाली केली होती. साक्षीदाराची कंपनी लाल असो, बंद असो, नसो. तो स्वतः हाडामांसाचा असला की झालं. दोघांनाही एकत्र बसवून विचारणार. दसऱ्याच्या आत साक्ष झाली नाही तर नोंदणीतून नाव काढणार, खातं गोठणार, कंपनीच्या नावची वीज तुटणार. मगदूमांच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतःच्या हातानं विटा रचून लावलेली भट्टी थंड होणार.

परतताना गाडीत मगदूम आठवत राहिले. शब्दावर दिलेलं काही. कुणालाही. एक साधी शिडीसुद्धा आठवेना.

"शौकतभावजी," राजमती बाहेर बघत म्हणाली.

*

शौकत मुजावर पॅटर्नवाला होता. कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून साचा तयार होतो. मगदूमांच्या पंख्याचा सागवानी मास्टर पॅटर्न अण्णांनी आणि शौकतच्या वडिलांनी मिळून घडवला होता. त्या पात्यांच्या वळणामुळं पंप कमी विजेत जास्त पाणी फेकायचा. मगदूमांचा सगळा धंदा त्या वळणावर उभा होता. त्याची संगणकात नक्कल करून ठेवा असं सगळ्यांनी सांगितलं, पण नक्कल चोरीला जाते म्हणून मगदूमांनी केली नव्हती. ओतलेला पंखा थंड होताना आकसतो, म्हणून त्यावरून किंवा रोजच्या वापराच्या झिजलेल्या पॅटर्नवरून मूळ वळण नेमकं काढता येत नसे. जगात तो नमुना एकच होता आणि तो त्यांच्या तिजोरीत होता.

शौकत आणि मगदूम एका बाकावरचे. पण शौकतची आई दवाखान्यात होती त्या वर्षी त्याची विवरणपत्रं राहिली आणि कंपनीचं नाव नोंदणीतून निघालं. मगदूमांच्या फोनवर लाल दिवा दिसला. त्याच सकाळी त्यांनी काम थांबवलं. कारण विचारायला फोनही केला नाही. शौकत त्यानंतर खुर्च्या-स्टुलं करून पोट भरत होता.

"ये," रंधा खाली ठेवत शौकत म्हणाला. "माझा दिवा अजून लालच हाय बरं का. विटाळ व्हईल तुला."

मगदूमांनी सगळं सांगितलं. शौकत ऐकता ऐकता खाली पडलेला भुसा पायानं गोळा करत राहिला.

"म्हंजे तू मला शब्दावर काय तरी दिलंतंस, असं मी सांगायचं."

"एवढं कर, शौकत."

"कधी दिलंतंस?"

मगदूम जवळच्या स्टुलाचा पाय चाचपू लागले.

"खोटी साक्ष मी देनार न्हाई, सुक्या. माझं नाव कागदावरनं गेलंय, तोंडातनं गेलेलं न्हाई." भुसा कोपऱ्यात लोटून तो म्हणाला, "खरं द्यायचं आसंल तर दे. मास्टर आन."

"कुठला मास्टर?"

"किती हायती तुझ्याकडं? अण्णांचा. दसऱ्यापतोर माझ्याकडं ऱ्हाईल. पावती न्हाई, फोटो न्हाई, मला तपासायचं न्हाई. परत देतोस का म्हनून इचारायचं बी न्हाई."

शौकतनं तो नमुना कुणाला नुसता दाखवला तरी मगदूम संपले असते. आणि शौकतला तसं करायला कारण होतं. कारण मगदूमांनीच दिलेलं होतं.

दोन दिवस ते तिजोरीच्या खोलीत जाऊन येत राहिले. कंपनी नोंदणीत राहिली आणि मास्टर गेला, तर काय उपयोग? मास्टर राहिला आणि कंपनीच मेली, तर काय उपयोग? इकडे आड तिकडे विहीर. शेवटी राजमतीच म्हणाली, "मला नाही दिला कधी हातात. त्यांना तरी द्या." त्या बोलण्यात टोमणा होता, पण त्याहून जास्त काहीतरी होतं, आणि ते मगदूमांना लागलं. त्यांनी मास्टर अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळला आणि स्वतः शौकतच्या दुकानात नेऊन ठेवला.

शौकतनं गुंडाळी उघडूनही बघितली नाही. "ठीक हाय," एवढंच म्हणाला.

*

त्यानंतर मगदूमांची झोप उडाली असं म्हटलं तर ते कमीच होईल. त्यांचं जेवण उडालं. रोबोचं वेळापत्रक चुकलं, दोन बिलं जायची राहिली, एक माल भलत्याच गावी गेला. चालता चालता ते शौकतच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात आणि राजमतीला औषध आणायला गेलो होतो असं सांगत. ती औषध कुठं आहे ते विचारत नसे.

नवरात्राच्या आठव्या माळेला संध्याकाळी ते असेच गल्लीच्या तोंडाशी उभे होते. शौकतच्या दारात एक पांढरी गाडी उभी होती. दारावर निळ्या अक्षरात लिहिलं होतं: वरुणा जलसाधने.

गाडीशी उभा राहून शौकत कुणाशी तरी बोलत होता. हातवारे करत होता. एकदा त्यानं हातानं हवेत एक वळण काढून दाखवलं. ते वळण मगदूमांनी लहानपणापासून बघितलं होतं. पात्याचं वळण.

मगदूमांचा हात खिशात गेला. फोन निघाला. 'पारख' उघडली. शौकत मुजावर हे नाव टाकलं की कळणार होतं: आज त्याच्या खात्यात कुणाकडून काय आलं, वरुणाशी त्याचा कधीपासून संबंध आहे. एक बोट टेकवायचं. आणि बोट टेकवलं की 'पडताळणी न करता' हे शब्द खोटे होणार होते, साक्ष बाद, कंपनी बाद. पण मास्टरच विकला गेला असेल तर कंपनी तशीही बाद. मग निदान कळू तरी दे! आत्ता धावत गेलो तर हात तरी धरता येईल!

बोट काचेच्या वर अडून राहिलं. मगदूम मनातल्या मनात शौकतला शिव्या घालत होते, अण्णांना घालत होते, स्वतःला घालत होते. मग त्यांना शौकतची आई दवाखान्यात होती त्या वर्षीची सकाळ आठवली. तेव्हाही हेच बोट होतं, आणि ते अडलं नव्हतं.

त्यांनी फोन खिशात टाकला आणि पाठ फिरवून घरी आले. "गेलं सगळं," ते राजमतीला म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

राजमतीनं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं.

*

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यातली हत्यारं पुसून पुजायची, आणि एकदा पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईस्तोवर उचलायचं नाही, हा शिरोलीचा रिवाज. उद्यापासून वीजच राहणार नाही तर आज भट्टी पेटवून काय करायचं, म्हणून मगदूमांनी रोबो बंद ठेवला होता. कामगार बिचकत बिचकत आले. राजमतीनं चौरंग मांडला, वर नट आवळायचे पाने, पकडी, वाळूचे चमचे ठेवले.

शौकत दारात उभा राहिला. एका हातात धोतराची गुंडाळी, दुसऱ्या हातात रंधा.

"ह्यो बी ठेव म्हटलं," रंधा पुढं करत तो राजमतीला म्हणाला. "अण्णा हुते तवर हितंच आसायचा पूजेला."

मगदूमांनी गुंडाळी सोडली. मास्टर होता. झिजलेली दोन पाती शौकतनं इतकी बेमालूम भरली होती की सांधा दिसत नव्हता.

"काल ती गाडी…" मगदूमांनी विचारलं.

"बघितलास व्हय? मग आत का न्हाई आलास?" शौकत हसला. "गाडीत कोन बी न्हवतं लेका. नुसता बाईचा आवाज. मगदूमच्या पंख्याचं वळण ध्यानात हाय का, नवा पॅटर्न करून देतोस का, म्हनती. मी म्हटलं वळण आसं आसं आसतंय," त्यानं हवेत हात फिरवला, "पन त्ये अण्णाचं हाय, माझं न्हाई. चा घेनार का इचारलं तर हो म्हनाली, आन उतरतंय कोन? मास्टर बाकड्याखाली हुता. तिला काय म्हाईत."

तक्रार कुणी केली होती ते आता मगदूमांना कळलं: वरुणानंच. आधी लाल करायचं, मारायचं, आणि वळण तेवढं काढून घ्यायचं. आणि वरुणाचा हिरवा दिवा? एकट्या भुताला ओल रचता येत नाही खरी. पण भुतांनी अख्खं गाव वसवलं असेल तर? एकमेकांना सवलती देणाऱ्या, एकमेकांच्या मयताला माल उशिरा पाठवणाऱ्या कंपन्यांचं गाव. तिथं आज सगळ्यांनी खंडेनवमीची सुट्टीसुद्धा घेतली असेल.

साक्ष तिथंच, कारखान्यातल्या पडद्यावर झाली. प्राची सामंतांनी शौकतला विचारलं, "यांनी वस्तू शब्दावर दिली?"

"शब्द बी न्हाई घेतला. नुसती दिली."

"मगदूमसाहेब, या काळात तुम्हाला संशय आला?"

खोटं बोलावं असं मगदूमांच्या मनात येऊन गेलं. "आला," ते म्हणाले. "रोज आला. काल तर याला चोर ठरवून मोकळा झालो होतो मी."

"तरी तपासलं नाहीत. का?"

मगदूमांनी मास्टरच्या भरलेल्या पात्यावरून बोट फिरवलं. "तपासलं असतं आणि हा खरा निघाला असता, तर मी याच्याकडं कुठल्या तोंडानं बघितलं असतं?"

शौकतनं मान दुसरीकडं वळवली. पडद्यावर मगदूमांच्या नावापुढचा दिवा हिरवा झाला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

"वरुणाबद्दल मला लेखी सांगा, उद्या," सामंत मॅडम म्हणाल्या. "पण पुरावा लागेल. त्यांचा दिवा तुमच्यापेक्षा हिरवा आहे."

राजमती चौरंगापाशी बसून हत्यारांना कुंकू लावत होती. पाना झाला, पकड झाली, रंधा झाला. मग तिनं नवऱ्यापुढं हात पसरला.

"काय?" मगदूम म्हणाले.

"तुमचं हत्यार."

मगदूमांनी खिशातून फोन काढला. क्षणभर घट्ट धरला, आणि दिला. राजमतीनं तो रंध्याच्या शेजारी ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

तेवढ्यात फोन थरथरला. काचेवर अक्षरं उमटली: 'वरुणा जलसाधने. आपण हिरवे झाल्याबद्दल अभिनंदन. आमच्याकडेही आज पूजा आहे. काम लगेच सुरू करू या का?'

मगदूमांचा हात पुढं गेला. कोण पूजा करतंय तिथं, कशाची करतंय, त्यांना आत्ताच्या आत्ता तपासायचं होतं. राजमती त्यांच्याकडं बघत होती.

मगदूमांनी हात मागं घेतला. फोन थरथरत राहिला, थरथरता थरथरता झेंडूचं फूल खाली पडलं. मगदूमांनी ते उचललं आणि पुन्हा फोनवर ठेवलं, बरोबर अक्षरांवर.

"चहा टाक," ते राजमतीला म्हणाले. "शौकत घेईल."